स्क्रीनवरचा रंग कागदावर उतरवताना

गेल्या आठवड्यात ताईच्या भिंतीसाठी छापलेल्या फोटोंचा शेवटचा संच हातात आला. मे अखेरीस सुरू केलेलं काम सप्टेंबर उजाडला तेव्हा पुरं झालं. फोटो तर आधीच काढून, निवडून तयार होते. एवढा वेळ गेला तो स्क्रीनवर दिसणारा रंग कागदावर आणण्यात. या विषयावर माहिती भरपूर सापडते, पण तुकड्यातुकड्यांत. आधी काय करायचं आणि त्यानंतर काय, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळं त्या क्रमावरच अवलंबून होतं. म्हणून जसं घडलं तसंच लिहितेय.

संचात धुक्यातल्या झाडांचे काही फोटो होते, घरच्या माणसांचे चेहरे होते आणि पाण्याकाठी बसलेला एक खंड्या होता. रंगांची परीक्षा घ्यायला ही निवड चांगलीच ठरली. धुक्याच्या करड्या रंगात जराशी हिरवी किंवा गुलाबी झाक आली तरी लगेच डोळ्यांत भरते. माणसाच्या त्वचेचा रंग तर आपल्याला पाठच असतो. आणि खंड्याच्या पाठीवरचा तो चमकता हिरवट निळा रंग छपाईला फार जड जातो.

पहिली खेप मी एका फोटो लॅबमधून करून घेतली. फाइली पाठवल्या, आठवड्याभराने पाकीट आलं. उघडलं आणि मन खट्टू झालं. सगळ्या प्रिंट अंधाऱ्या. धुकं हिरवट, भाच्याचा चेहरा पिवळसर आणि खंड्याची पाठ म्हणजे निळ्या रंगाचा सपाट ठिपका, त्यात एक पीस वेगळं दिसेल तर शपथ. पाकीट घेऊन लॅबमध्ये गेले. तिथल्या ऑपरेटरने माझी फाइल उघडून त्याचा मॉनिटर माझ्याकडे वळवला. "मॅडम, आमच्याकडे तुमचा फोटो असाच दिसतोय." खरंच तो तसाच दिसत होता, अंधारा. मग त्याने विचारलं, "तुमचा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे का?"

नव्हता. कॅलिब्रेट करणं म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजळपणा मोजून ठरलेल्या आकड्यांवर आणणं. त्या रात्री तोच फोटो मी लॅपटॉपवर, मोठ्या मॉनिटरवर आणि फोनवर शेजारी शेजारी उघडला. तीन ठिकाणी तीन रंग. यातला खरा कुठला, हे डोळ्यांनी ठरवणं शक्यच नव्हतं, कारण डोळा समोरच्या पांढऱ्याला पटकन सरावतो. दहा मिनिटं निळसर स्क्रीनकडे बघितलं की तीच पांढरी वाटायला लागते.

प्रिंट अंधारी येते ना, मग फाइलच उजळ करून पुन्हा पाठवा, हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो घेतला नाही, आणि तुम्हीही घेऊ नका असं मी सांगेन. त्याने एखादी प्रिंट सुधारते, पण पुढच्या फोटोला पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधत बसावं लागतं. शिवाय मूळ फाइल कायमची बिघडून बसते ती वेगळीच. मोजता येणाऱ्या गोष्टी आधी मोजून घ्याव्यात, फोटोला हात सगळ्यात शेवटी लावावा.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कलरीमीटर आणला. स्क्रीनवर टेकवून ठेवायचं हे छोटं यंत्र असतं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, यंत्र ते मोजतं, आणि शेवटी तुमच्या मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो कुठला रंग कसा दाखवतो याचं वर्णन करणारी फाइल, तयार होतं. आयसीसी म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम. १९९३ साली अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी मिळून ही संस्था काढली, म्हणून एका कंपनीच्या मॉनिटरचं वर्णन दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला समजतं. यंत्राचा खर्च चांगल्यापैकी आहे, एखाद्या साध्या फोटो प्रिंटरच्या जवळपास जाणारा. मी मैत्रिणीशी अर्धा खर्च वाटून घेतला. महिन्यातून एकदा लागणारं यंत्र दोघींत आरामात पुरतं. सॉफ्टवेअर सोबत येतंच, पण आर्गिल सीएमएस आणि त्यावर चालणारं डिस्प्लेकॅल फुकट आहे आणि जुन्या यंत्रांनाही चालतं. वापरलेलं यंत्र घेणार असाल तर आधी ते तुमच्या संगणकावर चालतं का हे बघून घ्या.

मोजणीआधी काही गोष्टी कराव्या लागतात. मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा. रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग, खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारी ब्राइटनेस, मॉनिटरचे 'व्हिव्हिड', 'सिनेमा' असले मोड, हे सगळं बंद. स्क्रीनवर थेट दिवा किंवा खिडकी पडता कामा नये. मग लक्ष्य ठरवायचं. मी घेतलेले आकडे: पांढरा बिंदू, म्हणजे स्क्रीनचा पांढरा किती पिवळट की निळसर, डी६५ (साधारण ६५०० केल्विन); गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा चढ, २.२; आणि उजळपणा १०० कँडेला प्रति चौरस मीटर. छपाईसाठी ८० ते १२० यांच्या मधला आकडा बहुतेक जण घेतात.

माझा मॉनिटर आधी किती उजळ होता, हे यंत्राने दाखवलं तेव्हा सगळा उलगडा झाला. आकडा २५० च्या वर होता. अडीच पट उजळ स्क्रीनवर बसून मी सावल्या नीट उजळल्यात की नाही हे ठरवत होते, म्हणजे फाइलमध्ये त्या अंधाऱ्याच राहणार. कॅलिब्रेशन संपलं आणि स्क्रीन एकदम मळकट, पिवळसर वाटायला लागली. पहिले दोन-तीन दिवस काम करताना चुकचुकल्यासारखं होतं. हे सगळ्यांनाच होतं. जुन्या सेटिंगवर परत जायचा मोह आवरा, डोळा सरावतो.

मग लॅबच्या त्या अंधाऱ्या प्रिंट काढून स्क्रीनशेजारी धरल्या. उजळपणा जवळपास जुळत होता! भाच्याचा चेहरा स्क्रीनवरही आता तितकाच सावळा, झाडांच्या बुंध्यांतला काळोख तितकाच दाट. म्हणजे लॅबने फाइलीत होतं ते छापलं होतं. मला फार हलकं वाटलं, कारण गोष्ट आता हाताशी आली होती. जे स्क्रीनवर दिसतंय ते दुरुस्त करता येतं.

उजळपणा जुळला तरी धुक्याची हिरवी झाक मात्र स्क्रीनवर दिसत नव्हती, फक्त प्रिंटवर होती. तीही खोलीतल्या दिव्याखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच प्रिंट खिडकीशी नेली तर झाक निम्म्याने कमी झाली. इथे मला प्रकाशाचा धडा मिळाला, आणि या सबंध प्रकारात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे असं माझं ठाम मत झालंय. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर जो प्रकाश पडेल त्यातलाच काही भाग तो परत पाठवतो, तेव्हा दिवा बदलला की प्रिंट बदलते. छपाईच्या व्यवसायात प्रिंट कुठल्या प्रकाशात बघायची हे आयएसओ ३६६४ या मानकाने ठरवून दिलंय: डी५०, म्हणजे सुमारे ५००० केल्विनचा प्रकाश, बारकाईने तुलना करायची असेल तर २००० लक्स आणि नेहमीसारखं बघायचं असेल तर ५०० लक्स. व्यावसायिक त्यासाठी खास दिव्यांचं बूथ वापरतात, घरी ते आणायची गरज नाही. मी ५००० केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर असलेला एलईडी दिवा घेतला आणि टेबलाच्या वर लावला. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला नसेल तर तो दिवा या कामाला घेऊ नका. स्वस्त दिव्यांमध्ये लाल रंगाचा भाग तोकडा असतो, आणि मग चेहऱ्यांवरची लाली जाते.

टेबलामागची भिंत फिकट हिरवी होती. धुक्याच्या झाकेचा काही भाग तिचाच होता, कारण भिंतीवरून परतलेला उजेड कागदावर पडत होता. मागे करड्या रंगाचा मोठा पुठ्ठा उभा केला. प्रिंट बघताना भडक रंगाचे कपडेही घालू नयेत हे ऐकलं तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती. लाल कुर्ता घालून करडी प्रिंट हातात धरली तेव्हा पटलं.

आणखी एक. पुष्कळ फोटो कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. ती अतिनील किरणं शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून खिडकीशी कागद निळसर पांढरा दिसतो आणि अतिनील किरणं नसलेल्या एलईडीखाली तोच पिवळट. प्रिंट ज्या भिंतीवर लागणार आहे तिथला उजेड कसा आहे हे ताईला आधीच विचारून ठेवलं. "दिवसा भरपूर, रात्री पिवळे दिवे," असं उत्तर आलं. तेव्हा असल्या रसायनांविना बनलेला कागद घ्यायचा ठरवला. तो पांढराशुभ्र नसतो, किंचित दुधाळ असतो, पण सगळीकडे सारखाच वागतो.

जुलै लागला. आता फाइलींकडे वळायला हरकत नव्हती. इथे कलर स्पेसचं, म्हणजे फाइलीत कुठवरचे रंग मावतात त्या चौकटीचं, प्रकरण आहे, आणि त्यातला कामापुरता भाग एवढाच. एसआरजीबी ही १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी साध्या मॉनिटरांसाठी ठरवलेली चौकट. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ ची, तिच्यात विशेषतः हिरवे आणि हिरवट निळे रंग जास्त मावतात. प्रोफोटो आरजीबी त्याहून कितीतरी मोठी, पण ती वापरायची तर फाइल १६ बिटचीच ठेवायला हवी, नाहीतर आकाशात पट्टे पडतात. खंड्याचा फोटो कॅमेऱ्याच्या मूळ, कच्च्या (रॉ) फाइलीतून दोनदा काढून बघितला. एसआरजीबीमध्ये पाठीवरच्या निळ्यात लाल चॅनलचा आकडा मोठ्या भागावर सरसकट शून्य झाला होता. तो रंग चौकटीत मावतच नव्हता, म्हणून सगळी पिसं एकाच आकड्यावर येऊन आपटली होती. सपाट ठिपका आला तो इथून. अ‍ॅडोबी आरजीबीत काढल्यावर तिथे आकडे परत वेगवेगळे झाले, आणि मोठं करून पाहिलं तर पिसाच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंचे तंतू सुटे दिसायला लागले.

पण म्हणून लॅबला अ‍ॅडोबी आरजीबी फाइल पाठवू नका. बहुतेक लॅब एसआरजीबी जेपेग गृहीत धरतात. त्यांच्या यंत्रणेने फाइलीतलं प्रोफाइल वाचलं नाही तर सगळे रंग फिके, मेलेले येतात. पाठवण्याआधी 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करायचं आणि प्रोफाइल फाइलीत जोडायचं. 'असाइन प्रोफाइल' ही वेगळी आज्ञा आहे. कन्व्हर्टमध्ये रंग तोच राहतो आणि आकडे बदलतात, असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. जिथे कन्व्हर्ट हवं तिथे असाइन झालं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

"प्रिंट म्हणजे सीएमवायके, तेव्हा फाइल आधी त्यात बदला" हाही सल्ला फिरत असतो. सीएमवायके म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शायांचं गणित. पुस्तकांच्या ऑफसेट छपाईला तो लागू असेल, फोटोला नाही. बऱ्याच लॅबमधल्या यंत्रात शाईच नसते. लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने संवेदनशील कागद उजळवतात आणि मग तो रसायनांतून काढतात. घरच्या इंकजेट फोटो प्रिंटरमध्ये आठ-दहा शाया असल्या तरी ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) आरजीबीच, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे आकडेच लागतात, शायांची वाटणी तो आपली आपण करतो.

लॅबची दुसरी फेरी. या वेळी ऑर्डर फॉर्म नीट वाचला. तळाशी बारीक अक्षरात एक चौकट होती: 'ऑटो करेक्शन'. खूण आधीपासूनच केलेली. लॅबचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो स्वतः तपासून त्याची उजळी आणि रंग बदलतं, आणि धुक्यासारखा फिका फोटो त्याला हमखास बिघडलेला वाटतो. खूण काढली. फॉर्मच्या शेरा रकान्यात 'रंगात कोणताही बदल नको' असंही लिहिलं, आणि ऑपरेटरला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, "मग रंगाची तक्रार घेता येणार नाही हं." त्यावर सही द्यावी लागली. दिली. मला तेच हवं होतं: फाइलीत जे आहे ते, बाकी काही नाही. जाताजाता विचारलं की तुमच्या कागदाचं प्रोफाइल मिळेल का. मिळालं. विचारल्याशिवाय देत नाहीत, आणि त्याला वेगळा खर्चही पडला नाही.

मोठ्या प्रिंटआधी छोट्या आकाराची चाचणी प्रिंट नक्की काढा. मी एकाच कागदावर चार फोटोंचे तुकडे आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी बसवली. ही पट्टी फार कामाची आहे. तिच्यात झाक दिसली तर दोष छपाईचा, तुमच्या फोटोचा नाही. चाचणी आली, दिव्याखाली धरली. पट्टी मधल्या करड्यात जरा उबदार, बाकी स्वच्छ. चेहरे जुळले. धुक्याची हिरवी झाक गेली, बहुधा ती ऑटो करेक्शनचीच होती. चेहऱ्यांचे सगळे फोटो लॅबमधूनच करून घ्यायचं मी तिथल्या तिथे ठरवलं, आणि ते आठवड्याभरात हातात आले.

राहिले धुकं आणि खंड्या. धुक्याला मॅट कागद हवा होता आणि खंड्याला एसआरजीबीपेक्षा मोठी चौकट. हे दोन्ही इंकजेटवर करायचं होतं, आणि मैत्रिणीकडे फोटोचा पिगमेंट शाईचा प्रिंटर होता. शाई आणि कागद माझा, असं ठरलं. खर्चाचा अंदाज सांगायचा तर शाई कागदापेक्षा महाग पडते, आणि चाचण्यांत जाणारा कागद धरून हिशेब दुपटीने करा.

इंकजेटचा क्रम असा. आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का हे दाखवणाऱ्या रेषा छापून बघणं. एकाही रेषेत खंड असेल तर हेड साफ करून पुन्हा तपासायचं, कारण एक शाई कमी पडली की सगळं रंगगणित कोसळतं. मग कागद बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या कागदाचं आणि त्याच प्रिंटर मॉडेलचं प्रोफाइल उतरवून घ्यायचं. सोबत एक माहितीपत्रक येतं, ते टाकून देऊ नका. प्रिंटरमध्ये कुठला 'मीडिया टाइप' निवडायचा आणि छपाईचा दर्जा कुठला ठेवायचा ते त्यात असतं. प्रोफाइल त्या जोडीसाठीच बनलेलं असतं. मीडिया टाइप बदलला की प्रिंटर शाईचं प्रमाण बदलतो आणि प्रोफाइल खोटं ठरतं. मॅट कागदाला मॅट ब्लॅक शाई आणि चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक, हेही मीडिया टाइपवरूनच ठरतं.

छपाईच्या खिडकीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो: रंग कोण सांभाळणार, अ‍ॅप की प्रिंटर? मी फोटोशॉपला सांभाळायला दिलं, वर उतरवलेलं प्रोफाइल निवडलं, आणि ड्रायव्हरच्या खिडकीत जाऊन तिथलं रंगव्यवस्थापन बंद केलं. दोघांनीही सांभाळलं तर एकच दुरुस्ती दोनदा होते. त्याची खूण म्हणजे प्रिंटवर येणारी जोरदार गुलाबी-तांबूस झाक. अशी प्रिंट आली तर आधी हे सेटिंग बघा, फोटोत काही बदलू नका. काही ड्रायव्हर कागदाचा आकार बदलला की हे सेटिंग मुकाट्याने पुन्हा चालू करतात. मैत्रिणीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यातलाच होता, म्हणून प्रत्येक प्रिंटच्या आधी ती मोठ्याने विचारायची, "ड्रायव्हर बंद आहे ना गं?"

छापण्याआधी सॉफ्ट प्रूफ. म्हणजे या कागदावर, या शाईने फोटो कसा दिसेल त्याचा नमुना स्क्रीनवरच बघायचा. फोटोशॉपमध्ये 'प्रूफ सेटअप'मध्ये जाऊन कागदाचं प्रोफाइल निवडायचं, 'प्रिझर्व्ह आरजीबी नंबर्स'ची खूण काढायची आणि 'सिम्युलेट पेपर कलर'ची करायची. शेवटची खूण केली की फोटोचा जीवच गेल्यासारखा वाटतो: काळे करडे होतात, पांढरं मळतं. घाबरू नका. मॉनिटरचा पांढरा त्याच्या काळ्याच्या हजार पट उजळ असू शकतो. चांगल्या चकचकीत कागदावर तो फरक दोनशे पटींच्या आसपास असतो आणि मॅटवर त्याहून पुष्कळ कमी. कागदाला जे जमतं तेच तो नमुना दाखवतो. खूण करताना क्षणभर दुसरीकडे बघा आणि मग बघा, म्हणजे डोळा आधीच्या पांढऱ्याशी तुलना करत नाही. शिवाय स्क्रीनवरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि मेनू लपवून फोटो पूर्ण पडद्यावर घ्या.

याच टप्प्यावर मी फोटोला पहिल्यांदा हात लावला, तोही प्रतीवर. मॅट कागदासाठी बुंध्यांमधल्या काळोखाचा तळ थोडा उचलला, मधल्या छटांत जरासा कॉन्ट्रास्ट वाढवला. खंड्याला चकचकीत कागदाच्या प्रूफमध्ये 'गॅमट वॉर्निंग' (न मावणारे रंग करडे करून दाखवणारी खूण) लावलं तर पाठीचा थोडाच भाग करडा झाला, उरलेली पाठ मावत होती. फक्त तेवढ्या भागाचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) किंचित उतरवलं.

'रेंडरिंग इंटेंट', म्हणजे कागदावर न मावणाऱ्या रंगांचं काय करायचं, हा पर्याय दोन्ही फोटोंना वेगवेगळा लागला. 'रिलेटिव्ह कलरीमेट्रिक' मावणारे रंग जसेच्या तसे ठेवतं आणि न मावणारे सगळ्यात जवळच्या मावणाऱ्या रंगावर नेऊन बसवतं. 'परसेप्च्युअल' सगळी श्रेणीच थोडी आकुंचित करतं, म्हणजे छटांमधलं नातं टिकतं. धुक्यात सगळेच रंग मावत होते, तिथे रिलेटिव्ह आणि सोबत 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन', म्हणजे फाइलीतला सगळ्यात गडद काळा कागदाच्या सगळ्यात गडद काळ्यावर बसवणं. खंड्याला परसेप्च्युअल, कारण पिसांमधला फरक मला रंगाच्या नेमकेपणापेक्षा मोलाचा वाटला. चेहरा असता तर मी उलट ठरवलं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खंड्याची प्रिंट निघाली. हेड पुढेमागे जात होतं आणि चोचीकडून एकेक पट्टी वर येत होती. पाठ आली तेव्हा आम्ही दोघी वाकून बघत होतो. पिसं होती! खांद्याजवळ गडद, शेपटीकडे जाताना हिरवट होत जाणारी, आणि एका ठिकाणी उलटं वळलेलं एक पीस, जे मला स्क्रीनवरही आधी नीट दिसलं नव्हतं. लगेच निकाल द्यायचा नाही एवढं मात्र पाळलं. शाई वाळताना रंग थोडा बदलतो, म्हणून प्रिंट सपाट ठेवून दुसऱ्या दिवशीच दिव्याखाली नेली.

धुक्याने मात्र जास्त वेळ खाल्ला. मॅट कागदावर गडद करड्या छटांत बारीक मजेंटा झाक राहत होती. कंपनीचं प्रोफाइल त्यांच्या हाताशी असलेल्या प्रिंटरवर बनलेलं असतं, आणि एकाच मॉडेलच्या दोन प्रिंटरांत थोडा फरक असतोच. बहुतेक फोटोंत तो कळत नाही, माझ्या धुक्यात कळत होता. तेव्हा खास प्रोफाइल बनवून घेतलं. अशी सेवा देणारे लोक आपल्याला रंगांच्या शेकडो चौकोनांची फाइल पाठवतात. ती आपल्या प्रिंटरवर, आपल्या कागदावर, रंगव्यवस्थापन पूर्ण बंद ठेवून छापायची. फोटोशॉपमधून हे आता सरळ होत नाही, त्यासाठी अ‍ॅडोबी कलर प्रिंटर युटिलिटी नावाचं छोटं फुकट अ‍ॅप आहे. छापून एक दिवस वाळू द्यायचं, मध्ये कोरा कागद घालून, पुठ्ठ्यात सपाट ठेवून टपालाने पाठवायचं. मागे प्रिंटर, कागद, मीडिया टाइप आणि दर्जा पेन्सिलीने लिहायचा. ते स्पेक्ट्रोफोटोमीटरने प्रत्येक चौकोन मोजतात आणि प्रोफाइलची फाइल ईमेलने पाठवतात. मला दोन आठवडे थांबावं लागलं, कारण टपाल मध्येच अडकलं. खर्च एका शाईच्या कार्ट्रिजइतका आला.

प्रोफाइल प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडलं, नाहीतर यादीत ते दिसत नाही. धुकं पुन्हा छापलं. झाक गेली. बुंध्यांच्या सालीवरचे उभे चरे आता करड्याच रंगात, एकामागे एक दिसत होते. हा खर्च सगळ्यांनी करावा असं मी म्हणणार नाही. मॉनिटर, दिवा आणि ड्रायव्हरचं सेटिंग जागेवर नसेल तर खास प्रोफाइलने काहीही सुधारत नाही. आणि ते जागेवर असेल तर बऱ्याच जणांना त्याची गरजही पडणार नाही. कृष्णधवल किंवा फिके करडे फोटो करणाऱ्यांना मात्र मी ते आवर्जून सुचवेन.

शेवटच्या प्रिंट काढल्या तेव्हा प्रत्येकीच्या मागे तारीख, कागद, प्रोफाइल आणि इंटेंट लिहून ठेवलं. ताईला दुसरी प्रत हवी झाली तर पुन्हा शोधाशोध नको. करड्या पट्टीची एक वाळलेली चाचणी प्रिंट काळ्या पाकिटात ठेवली आहे. महिन्यातून एकदा मॉनिटर मोजते तेव्हा ती काढून स्क्रीनशी ताडून बघते. शाईची कंपनी किंवा कागदाचा प्रकार बदलला तर जुनं प्रोफाइल चालणार नाही, आणि हेड बदललं तर चौकोन पुन्हा छापून पाठवावे लागतील. मैत्रिणीच्या प्रिंटरमध्ये सध्या मॅट ब्लॅक आहे. चकचकीत कागदाची पुढची खेप करायची झाली तर काळी शाई बदलताना थोडी वाया जाते, म्हणून एका प्रकारच्या कागदाचं सगळं काम साठवून एकदमच करतो.